संशय आला तर तो विचारायचा कुणाला?

बंधू, प्रभूमध्ये सलाम.

मागचा लेख शेवटपर्यंत वाचून मोकळेपणाने लिहिलंत, आभार. तुमचे आक्षेप दोन. मिस्टरांच्या डायलिसिसच्या वेळी प्रार्थना करताना ‘देव ऐकतोय का?’ असं मनात येतं, हे मी जाहीर लिहायला नको होतं. त्याने कच्च्या विश्वासाची माणसं अडखळतात. दुसरं, बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोबाने (१:६) संशय धरणाऱ्याला वाऱ्याने लोटलेल्या लाटेसारखं म्हटलंय, म्हणून मी लेख काढून टाकावा आणि उपास-प्रार्थना करावी.

याकोबाचंच घेऊ. तिथे विषय देवाकडे ज्ञान मागण्याचा आहे, आणि मागताना मन दोन्हीकडे ठेवणाऱ्याला तो बोल लावतो. पण हाच याकोब पाचव्या अध्यायात धीराचा नमुना म्हणून, मुलंबाळं-मालमत्ता सगळं गमावलेल्या ईयोबाला पुढे करतो. ज्याने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला, देवापुढेच दावा मांडायची भाषा केली, त्या ईयोबाला! आणि शेवटी देवाचा राग पेटतो तो देवाची बाजू घेऊन उपदेश करणाऱ्या त्याच्या मित्रांवर. त्यांच्यासाठी प्रार्थना करायची ती ईयोबानेच.

मला मात्र सगळ्यांत जवळचा वाटतो बाप्तिस्मा करणारा योहान. यार्देनेत येशूला बाप्तिस्मा त्याने दिला, ‘हा पाहा देवाचा कोकरा’ असं त्यानेच सांगितलं. पुढे हेरोद राजाच्या तुरुंगातून तो येणाऱ्या मसीहाबद्दल, म्हणजे तारणाऱ्याबद्दल, शिष्यांबरोबर विचारून पाठवतो: येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? (मत्तय ११). येशू रागावत नाही. आंधळ्यांना दिसतंय, पांगळे चालताहेत, हे जाऊन सांगा म्हणतो. शिष्य परत निघाल्यावर लोकांना सांगतो की स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कोणी झाला नाही. त्याचा संशय कानांवर आल्यानंतर हे म्हणतो!

योहान सुटला मात्र नाही. दुसरे बरे झाल्याची बातमी त्याने कोठडीत ऐकली असेल, तेव्हा त्याला काय वाटलं ते शास्त्रात नाही. मी तिथे थांबते. शेजारच्या बेडवरच्या पेशंटला किडनी मिळाली, तेव्हा मला आनंद झाला आणि जिन्यात येऊन मी रडलेही. पण योहानाने प्रश्न विचारला तो येशूलाच, आणि मीही त्यालाच विचारते आहे. विश्वास सुटला असता तर विचारलं कशाला असतं?

आता अडखळण्याचं. आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, साक्षीसाठी, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, माइक कुणाच्या हाती जातो? जो बरा झाला, ज्याला नोकरी लागली, त्याच्या. ज्याचं दुखणं चालूच आहे तो मागच्या बाकावर बसतो, आपलाच विश्वास कमी पडला असं समजतो आणि एक दिवस यायचा बंद होतो. बायबलमधलं स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, तरी ते मुख्य गवयाकडे दिलेलं आहे, उपासनेत गाण्यासाठी. आमच्याकडे भेटायला आलेल्या एका ताईंनी चहा घेता घेता विचारलं, ‘काही पाप कबूल करायचं राहिलंय का, बघा.’ ह्यांच्या हातावर फिस्चुलाची, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी ऑपरेशनने जोडलेली, नस टरारून वर आली होती. ह्यांनी काही न बोलता बाही खाली ओढली. अडखळणं मी तिथे पाहिलं, बंधू. जे संशयात आहेत त्यांच्यावर दया करा, असं यहूदाच्या पत्रात (वचन २२) सरळ लिहिलंय.

म्हणून लेख काढणार नाही. उपास-प्रार्थना आमच्या घरी चालू आहे. ह्यांचं डायलिसिस मंगळवारी सकाळी असतं. त्या वेळी तुम्हीही आमच्यासाठी प्रार्थना केलीत तर फार बरं वाटेल.