पोरगी शहराचं अर्थशास्त्र शिकायला निघालीय

गेल्या रविवारी आमच्या गल्लीतले एक काका मुलीला घेऊन घरी आले. काकांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे छोट्या कारखान्यांच्या वसाहतीत, टर्निंगचं (लेथवर लोखंड कातायचं) शॉप आहे. मुलगी शिवाजी विद्यापीठातून अर्थशास्त्र घेऊन बीए झालीय. काका बसले आणि थेट विषयावर आले. "पोरगी म्हणत्या, शहराचा आर्थिक विकास, ह्यात पुढचं शिकायचं. तू ह्यातलंच शिकलीस न्हवं? हे नेमकं काय असतंय? आणि शिकून पोटापाण्याचं काय?"

दोन तास बोललो, तरी सगळं सांगून झालं नाही. दरवर्षी निकाल लागले की हाच प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

शहर कमावतं कसं, कमावलेलं कुणाच्या हाती जातं आणि त्यातलं शहराच्या तिजोरीत किती येतं, हा ह्या विषयाचा गाभा. जमिनीचे भाव, घरभाडं, कामगार रोज कुठून कुठं जातात, महापालिकेचं उत्पन्न, फेरीवाल्यांची कमाई, पूर आला की कुणाचं किती बुडतं, हे सगळं त्यात येतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात नेमकी ह्याच नावाची एमएससी आहे. पण त्यासाठी लंडनलाच जायला हवं असं नाही. पुण्याची अर्थशास्त्राची गोखले संस्था १९३० ची. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी तिथं पुणे शहराची घरोघर पाहणी केली आणि तिचा आर्थिक भाग १९४५ मध्ये छापून आला. कोण काय काम करतं, किती कमावतं, कोणत्या पेठेत राहतं, हे त्या काळात माणसं दारोदार पाठवून नोंदवलं. कोल्हापूरची तशी पाहणी कुणीतरी करावी, ही माझी फार जुनी इच्छा आहे.

वर्गात पहिल्याच महिन्यात आल्फ्रेड मार्शल हा इंग्रज अर्थशास्त्रज्ञ शिकवतात. एकाच धंद्याची माणसं एका जागी का जमतात, याची कारणं त्यानं १८९० मध्ये सांगितली. कसबी कामगार तिथंच मिळतात, सुटे भाग आणि दुरुस्ती जवळ मिळते आणि धंद्यातली गुपितं जणू हवेतच असतात, पोरं ती नकळत शिकतात. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं इंग्लंडातलं पोलादाचं शेफील्ड आलं नाही, उद्यमनगर आलं. म्हणून प्रबंधासाठी मी इथं परत आले आणि पंपाच्या एका केसिंगच्या, म्हणजे बाहेरच्या कवचाच्या, मागं मागं फिरले.

त्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण मी जे काही शिकले ते तिथंच शिकले.

सुरुवात पॅटर्नमेकरकडं, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुना करणाऱ्याकडं. सागवानाचा साचा. त्यांच्या हातातली पट्टी मी उचलून माझ्या पट्टीशेजारी ठेवली तर खुणा जुळेनात. ते म्हणाले, "बिड, म्हंजे ओतीव लोखंड, गार झालं की आकसतंय, मीटरला दहा मिलीमीटर धरायचं. म्हणून आमची पट्टी लांब." मग तो साचा टेम्पोतून शिरोलीच्या फौंड्रीत. तिथं तो वाळूत दाबून मोल्ड, आतली पोकळी राहावी म्हणून कोअर, वरून वितळलेलं बिड. दुसऱ्या दिवशी मोल्ड फोडला, कास्टिंग फेटलिंगला, म्हणजे घासून साफ करायला गेलं. ग्राइंडरवर पोरं धुळीनं काळी झालेली. तिथून परत उद्यमनगरात, एकाकडं बोअरिंग (आतलं भोक मापात कातणं), दोन दारं सोडून दुसऱ्याकडं ड्रिलिंग आणि टॅपिंग (भोकं पाडून आटे काढणं), गल्लीच्या टोकाला रंग. एवढ्या हातांतून माल गेला, पण करारनामा असा कुठंच झाला नाही. चिठ्ठीवर नगांची संख्या, खाली एक सही. पैसे दोन-तीन महिन्यांनी. बोअरिंगवाल्यानं एका नगात फुगा, म्हणजे आत हवेची पोकळी, निघाला म्हणून फौंड्रीला फोन केला, तर तिकडून एवढंच आलं, "ठेवा बाजूला, उद्याच्या गाडीत बदली देतो."

ही उधारी, हा शब्द, हे दोन दारांचं अंतर, यावर हा धंदा उभा आहे. आणि ह्यातल्या कशाचीच नोंद कुठं नाही. त्या भागात किती शॉप चालू आहेत, किती बंद पडली, एवढं विचारायला मी एका कार्यालयात तीन खेपा घातल्या. परवान्यांची यादी होती, पण पत्त्यावर गेलं तर निम्म्या ठिकाणी वेगळंच काही. तिसऱ्या खेपेला मला विचारलं, "तुम्हाला हे कशाला पाहिजे?" त्या प्रश्नानं मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं. कारण हे त्यांनाच पाहिजे असायला हवं होतं. रस्त्याकडेच्या शेडला शोरूमचं भाडं मिळायला लागलं की मालक शेड पाडतो, आणि तिथला ड्रिलिंगवाला हद्दीबाहेर जातो. त्याच्या एकट्याचं फार बिघडत नाही. पण केसिंगचा तो प्रवास दोन दारांऐवजी बारा किलोमीटरचा होतो, आणि छोट्या ऑर्डरी परवडेनाशा होतात. जमिनीचा भाव आणि कारखान्याची ऑर्डर यांचा असा संबंध असतो हे कळायला माणूस शिकलेला लागतो, आणि तो त्या गल्लीत गेलेलाही लागतो.

आपल्याकडं हे शहाणपण नव्हतं असं नाही. १८९१ मध्ये कोल्हापूरला रेल्वे आली आणि १८९५ मध्ये शाहू महाराजांनी स्टेशनालगत शाहूपुरी व्यापारपेठ वसवली. गूळ शेतातून निघाला की पेठेत, पेठेतून रेल्वेत. १९०६ मध्ये कापडगिरणी. पुढं राधानगरीचं धरण. पाणी, पीक, पेठ, गिरणी, रेल्वे असा एकेक दुवा जोडत नेलेला दिसतो. आज ज्याला आर्थिक विकासाचं नियोजन म्हणतात ते ह्या गावानं सव्वाशे वर्षांपूर्वी करून बघितलंय. डॉ. आंबेडकर १९२० मध्ये अर्थशास्त्राचा अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करायला लंडनला गेले, तेव्हाही महाराजांनी मदत केली होती. बाबासाहेबांचा कोलंबियातला प्रबंध प्रांतांच्या वित्तव्यवस्थेवर होता, म्हणजे वरचं सरकार आणि खालचं सरकार यांनी पैसा कसा वाटून घ्यायचा यावर. महापालिकेचं दुखणं आजही तेच आहे.

बघा ना. आधी जकात गेली, मग तिच्या जागी एलबीटी हा स्थानिक संस्था कर आला, १ ऑगस्ट २०१५ ला तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी बंद झाला, २०१७ मध्ये जीएसटी आला. आता मुंबईहून अनुदान कधी येतं याकडं डोळे लावायचे. हक्काचं म्हणून हाती राहिला घरफाळा आणि पाणीपट्टी. ७४ व्या घटनादुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत शहरांना १८ विषय दिले, त्यात आर्थिक आणि सामाजिक विकासाचं नियोजन स्पष्ट लिहिलेलं आहे. विषय दिला, पण त्यासाठी पैसा कुठून आणायचा ते काही दिलं नाही.

हद्दवाढीचं, म्हणजे आसपासची गावं शहरात घ्यायचं, तर बोलायलाच नको. १९७२ मध्ये महापालिका झाली, क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर, आणि आजवर एक इंचही वाढ नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसी बाहेर, शहराचा घाम तिकडं आणि भार इकडं. गावांचा विरोध मात्र मला चुकीचा वाटत नाही. घरफाळा वाढणार, शेतावर आरक्षण पडणार, हातातली ग्रामपंचायत जाणार, आणि बदल्यात काय मिळणार हे कुणी आकड्यांत मांडून दाखवलेलं नाही. हद्दवाढीऐवजी २०१७ मध्ये ४२ गावांचं विकास प्राधिकरण झालं. दोन्ही बाजूंचे मोर्चे झाले, बंद झाले. एका गावाला आज किती खर्च येतो, हद्दीत आल्यावर किती येईल, किती मिळेल, एवढं चार पानांचं टिपण जरी गावचावडीवर वाचून दाखवलं असतं तरी बोलणं पुढं सरकलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

शहरातल्या रस्त्यांवर टोल बसवला, त्या वेळीही हेच झालं. जवळपास ५० किलोमीटर रस्ते आणि ३० वर्षं टोल. एन. डी. पाटील सर, गोविंद पानसरे रस्त्यावर उतरले, गाव उतरलं, आणि टोल घालवला. मी त्या मोर्चात चालले आणि मला त्याचा अभिमान आहे. पण त्या कराराचं गणित सही होण्याआधीच शहरानं वाचायला हवं होतं. वाचता येणारी दहा माणसं तेव्हा गावात असती, तर नंतर इतकी वर्षं लढायची वेळ आली नसती.

आणि पूर. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, हे इथल्या लहान पोराला पाठ असतं. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, दूध अडकलं, कारखान्यांचा माल अडकला. पूररेषेच्या आत भराव का पडतात? तिथं जमीन स्वस्त मिळते आणि भराव टाकला की महाग विकता येते. त्या भरावानं हटवलेलं पाणी मग दुसऱ्याच्या घरात शिरतं, आणि त्याची किंमत भराव टाकणारा मोजत नाही. पाठ्यपुस्तकात याला मोठं नाव आहे. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत ज्यांनी दोनदा घर धुऊन काढलं, त्यांना ते नावाशिवाय कळतं.

काकांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी सरळ दिलं. हे शिकून कोल्हापुरात लगेच नोकरी मिळेल असं मी म्हणणार नाही. पुण्या-मुंबईत सल्लागार कंपन्या, संशोधन संस्था, शासनाचे प्रकल्प यांत काम मिळतं. परदेशी जायचं तर शिष्यवृत्तीवर जावं. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्याच नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, ती कितीतरी घरांना माहीतच नसते, कृपा करून सांगा सगळ्यांना. घर गहाण ठेवून जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत. आणि कुठंही शिकलं तरी प्रबंध आपल्या गावावर करावा. हुपरीची चांदी आहे, इचलकरंजीचे यंत्रमाग आहेत, चप्पल आहे. चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यातला किती पैसा कातडं शिवणाऱ्या बाईच्या हातात पडतो, हे शोधायला एक अख्खं वर्ष लागेल, आणि ते कुणीतरी द्यायला पाहिजे.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या शॉपाचाबी अभ्यास हुतोय व्हय ह्यात?"

मुलगीच म्हणाली, "बाबा, तुमच्यापास्नंच सुरू करायचाय."

येत्या रविवारी सकाळी नऊला ती येणार आहे. आधी त्या पॅटर्नमेकरांकडं जाऊ, त्यांना फोन करून ठेवलाय. तिला वही आणि एक साधी पट्टी आणायला सांगितलीय.