8 बाय 10 च्या खोलीतला ‘गोल्फ कोर्स’

‘गोल्फ आता श्रीमंतांचा खेळ राहिला नाही’ अशी सुरुवात असलेला एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. 8 बाय 10 ची रिकामी खोली, 8 फुटांवरचे छत, क्रिकेटची जुनी जाळी किंवा जाड चादर आणि एक मोबाईल एवढ्या सामग्रीवर घरातच संपूर्ण सिम्युलेटर, म्हणजे मारलेल्या चेंडूचा प्रवास पडद्यावर दाखवणारी यंत्रणा, उभा राहतो, शेजाऱ्यांना आवाजही जात नाही आणि क्लबात जाण्याची गरजच उरत नाही, असे त्यात ठासून सांगितले आहे. एरवी मी तिकडे दुर्लक्ष केले असते. परंतु कोथरूडच्या माझ्या मामांनी तो वाचून जाळी मागवली आणि पंखा उतरवण्यासाठी इलेक्ट्रिशियनलाही सांगून ठेवले, तेव्हा लिहिणे भाग पडले.

आधी जाळी आणि चादर, कारण संदेशातल्या इतर चुकांनी पैसे वाया जातील, या चुकीने डोळा जाईल. गोल्फच्या नियमांनुसार चेंडूचा व्यास 42.67 मिमीपेक्षा कमी आणि वजन 45.93 ग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. मामांच्या जाळीच्या एका घराला मी पट्टी लावली, तेव्हा ते दोन्ही बाजूंनी 50 मिमी भरले. त्यातून चेंडू बोटाने ढकलला, तो दोऱ्याला न शिवता पलीकडे पडला. सुमारे 72 मिमी व्यासाच्या सीझन बॉलसाठी ती जाळी निर्दोष आहे; गोल्फच्या चेंडूसाठी मात्र ती नसल्यातच जमा आहे.

चादरीविषयी तर काय बोलावे? हौशी खेळाडूने ड्रायव्हरने, म्हणजे लांब पल्ल्याच्या गोल्फच्या काठीने, बऱ्यापैकी मारलेला चेंडू ताशी 210 किलोमीटरच्या आसपास वेग घेतो. त्या वेगातली ऊर्जा ताशी 110 किलोमीटर वेगाने आलेल्या सीझन बॉलएवढी, म्हणजे 75 ते 80 ज्यूल भरते, आणि ती बऱ्याच लहान पृष्ठभागावर एकवटलेली असते. चादर फाटली किंवा बाजूला सरली, की मागे आरसीसीची भिंत आहे. 10 फुटांवरच्या भिंतीवर आपटून चेंडू वेग बराच गमावून परतला, तरी जाऊन येण्यास त्याला सेकंदाचा सातवा भाग पुरतो, आणि डोळ्यांनी पाहून हालचाल सुरू करण्यास माणसाला साधारण पाचवा भाग लागतो. म्हणजे बाजूला होण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय मोठा चेंडू बहुधा डोळ्याभोवतीच्या हाडावर अडतो, हा लहान चेंडू थेट बुबुळापर्यंत पोचू शकतो. संदेश लिहिणाऱ्याने यावर ‘मुलांनाही खेळू द्या’ अशी पुस्ती जोडली आहे, ती वाचून संताप आवरत नाही. ज्यांना खरा चेंडू मारायचाच आहे, त्यांनी बारीक घरांची, गोल्फसाठीच विणलेली जाळी घ्यावी, ती ताणून न बांधता सैल सोडावी, तिच्यामागे निदान फूटभर मोकळी जागा ठेवावी आणि दोन्ही बाजूही झाकून घ्याव्यात. कारण काठीच्या पात्याच्या टाचेला किंवा टोकाला लागलेला चेंडू सरळ जात नाही, आणि नवशिक्याचे असे फटके थोडेथोडके नसतात.

छताच्या बाबतीत संदेशात ‘फ्लॅटची ठरावीक 8 फूट उंची पुरते’ असे म्हटले आहे. मुळात ही ठरावीक उंची कोणी ठरवली? राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत राहत्या खोलीची किमान उंची 2.75 मीटर, म्हणजे जेमतेम 9 फूट दिली आहे. राष्ट्रीय इमारत संहितेतही हाच आकडा आहे. त्यातून पीओपीचे फॉल्स सीलिंग सहा-आठ इंच खाते, पायाखालची मॅट आणखी इंच-दीड इंच घेते, आणि तुळई नेमकी डोक्यावर येत असेल तर हिशेब तिथेच संपतो. ड्रायव्हर साधारण 45 इंच लांब असतो. मध्यम उंचीच्या माणसाने तो पूर्ण फिरवला, तर त्याचे टोक छताला लागू नये म्हणून 9 फूट ही अगदी खालची मर्यादा आणि 10 फूट ही निर्धास्त खेळण्याची उंची मानली जाते. एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो: पंखा आणि फॉल्स सीलिंग नसलेल्या 9 फुटी खोलीत बेताच्या उंचीचा माणूस वेज किंवा 7 नंबरचे आयर्न यांसारखी आखूड काठी बहुतेक वेळा फिरवू शकतो. मात्र छताला लागेल या धास्तीने खेळणारा नकळत स्विंग आखडता घेतो, आणि घरी रोज तोच सराव केला की मैदानावरही तोच हात वळतो. बिल्डिंगच्या गच्चीचा पर्याय सुचवणाऱ्यांनी सोसायटीच्या एका तरी वार्षिक सभेला हजर राहावे, एवढेच सुचवतो.

आता 8 बाय 10. सिम्युलेटरसाठी फटक्याचा वेग आणि दिशा मोजणारे यंत्र, म्हणजे लाँच मॉनिटर, लागते; रडारवर चालणारा लाँच मॉनिटर चेंडूच्या मागे ठेवावा लागतो. गार्मिनच्या आर 10 या लोकप्रिय यंत्रासाठी मागे 6 ते 8 फूट आणि चेंडूला उडण्यासाठी पुढे 8 फूट लागतात, म्हणजे जाळीमागची जागा न धरताच 14 ते 16 फूट झाले. स्कायट्रॅकसारखी कॅमेऱ्यावर चालणारी यंत्रे चेंडूच्या बाजूला ठेवतात, त्यामुळे लांबी कमी पुरते, पण 8 फूट रुंदीत मधोमध उभे राहून ड्रायव्हर फिरवला तर पहिला आघात कपाटावर होईल. मोबाईलच्या ॲपने स्विंगचे चित्रण उत्तम होते, यात शंका नाही. मात्र चेंडू किती वेगाने आणि कोणत्या अक्षावर गरगरतो हे प्रत्यक्ष मोजल्याखेरीज तो डावी-उजवीकडे किती वळेल, याचा पडद्यावर दाखवलेला आकडा म्हणजे निव्वळ अंदाज असतो.

आवाजाविषयी फार लिहीत नाही. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे, परंतु खालच्या मजल्यावरचे जोशीकाका डेसिबल मोजत बसत नाहीत, ते थेट वर येतात.

क्लबाची गरज उरत नाही, हे विधानही असेच सैल आहे. चांगले यंत्र अंतराचा हिशेब खरा देते, आणि पुण्याच्या पावसाळ्यात त्याचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. तथापि चेंडूच्या आधीच जमिनीला लागलेला फटका मॅटवर घसरून बरा वाटतो, आणि तोच येरवड्याच्या पूना गोल्फ क्लबच्या गवतावर चार पावलांत थांबतो. टाइल्सवर अंथरलेली पातळ मॅट तर दर फटक्याचा हादरा मनगट आणि कोपराला देते, आणि सत्तरीत कोपर एकदा धरले की महिनोन्‌महिने सुटत नाही.

छोट्या खोलीत करण्याजोगी गोष्ट या संदेशात नेमकी नाही, ती म्हणजे पटिंग, अर्थात पटर नावाच्या काठीने चेंडू जमिनीवरून हलकेच लोटून होलात घालणे. पार 72 च्या, म्हणजे 18 होल 72 फटक्यांत पुरे करणे अपेक्षित असलेल्या मैदानात प्रत्येक होलला 2 याप्रमाणे पटरचे 36 फटके (पट) गृहीत धरलेले असतात, म्हणजे निम्मा खेळ पटरचा आहे, आणि त्याला ना उंची लागते ना जाळी. 10 फुटांची एक सपाट मॅट अंथरावी, होलचा व्यास 108 मिमी असतो म्हणून समोर त्याहून अरुंद तोंडाचा स्टीलचा पेला आडवा ठेवावा, आणि पूर्ण स्विंग करायचा असेल तेव्हा फोमचे चेंडू वापरावेत. मामांना मी हेच सांगितले आहे. जाळी परत पाठवण्याची मुदत शुक्रवारी संपते.