धावण्याआधी डोळे तपासून घ्यावेत

नौदलात अग्निवीर, म्हणजे चार वर्षांसाठी भरती होणारा जवान, होऊ इच्छिणाऱ्यांनी बारावीपासूनच धावण्याचा सराव सुरू करावा, हा आपल्या नौदल भरतीच्या तयारीवरील लेखातला सल्ला योग्य आहे. परंतु वैद्यकीय निकषांचा उल्लेख त्यात केवळ एका ओळीत आटोपला आहे, हे मला खटकले. माझ्या भाच्याने वर्षभर पहाटे मालवणच्या किनाऱ्यावर वाळूत धावून १.६ किलोमीटरचे अंतर साडेसहा मिनिटांच्या आत आणले होते. वैद्यकीय तपासणीत मात्र रंगीत ठिपक्यांच्या पानावर दडलेला आकडा त्याला वाचता आला नाही आणि तिथेच त्याची वाट अडली. तो रंगांधळेपणाचा दोष जन्मजात होता, सरावाने सुटणारा नव्हता. दहावीतच नेत्रतज्ज्ञाकडे नेले असते, तर त्या मुलाचे एक वर्ष आणि बरीचशी उमेद वाचली असती, असे मला आजही वाटते.

दुसरा मुद्दा चार वर्षांची सेवा संपल्यानंतरचा. २०२२ पासूनच्या अग्निपथ योजनेत जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांनाच पुढे कायम सेवेत घेण्याची तरतूद आहे. त्यामुळे ओडिशातील चिल्का येथील नौदलाच्या प्रशिक्षणाला निघण्यापूर्वीच घरात यावर मोकळेपणाने बोलणे झाले पाहिजे. ज्यांना अधिकारी व्हायचे आहे, त्यांनी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेऊन खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची (एनडीए) परीक्षा द्यावी. छत्रपती संभाजीनगर येथील सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून त्याचीच तयारी करून घेते, तरी कोकणातल्या अनेक पालकांना तिचे नावही ठाऊक नसते.