पाच गाणी आणि एक केबी : ‘पेनड्राइव्ह रिकामा निघाला’ या तक्रारीला क्लासचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय रविवारी रात्री वाचला. सोमवारी क्लास उघडल्या उघडल्या तुमचे चिरंजीव बसतात तो संगणक लावून बघितला. उत्तराला आणखी दोन दिवस गेले, कारण खरं सांगायचं तर थोडा राग आला होता. तो उतरल्यावर लिहितोय.

तुमचं म्हणणं असं : संगणकावर आवाज रेकॉर्ड करून जपायला शिकवणाऱ्या आमच्या क्लासला चार शनिवारांचे १,६०० रुपये भरले आणि मुलगा घरी घेऊन आला तो पेनड्राइव्ह रिकामा. आजीला समोर बसवून त्याने ऐकवायला घेतलं, तर एकही गाणं वाजलं नाही. शिवाय दोन मुलांत एक संगणक, खाली बेंजोचा गोंगाट, आणि कुकरची शिट्टी रेकॉर्ड करायला क्लास कशाला हवा?

आधी पेनड्राइव्ह. तो रिकामा नव्हता. तुम्ही टाकलेल्या फोटोतच दिसतंय, त्यात एक फाइल आहे, एक केबीची. ती एम३यू फाइल, म्हणजे प्लेलिस्ट. गाणी एमपी३. तोच एम, तोच तीनचा आकडा, फरक एका अक्षराचा आणि जागेचा. त्यात दोन्हींवर व्हीएलसीचं, म्हणजे गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रामचं, एकच चित्र, रस्ता खोदून ठेवल्यावर उभा करतात तो नारिंगी कोन. पाचवीतलं पोर फसणारच. प्लेलिस्टमध्ये आवाज नसतो हो. कोणतं गाणं कुठे ठेवलंय, एवढे पत्ते असतात, आणि ते पत्ते आमच्या संगणकातल्या डी ड्राइव्हवरचे. क्लासमध्ये क्लिक केलं की पाचही वाजायची, म्हणून त्याला वाटलं हेच गाणं. आमंत्रणपत्रिका घरी गेली, ताट इथेच राहिलं.

पाचही गाणी आमच्याकडे जशीच्या तशी आहेत. आजींची ओवी, त्याचा तबला, चिंचपोकळीच्या फलाटावरची घोषणा, बेंजो आणि ती शिट्टी. मिळून साधारण पाच एमबी, म्हणजे पाच हजार केबी.

चूक आमची आहे. पाच गाणी एक केबीत मावत नाहीत, हे निघताना एकदा बघितलं असतं तर शिकवणाऱ्या मुलाच्या लगेच लक्षात आलं असतं. त्याने बघितलं नाही. तुम्ही रविवारी विचारलंत तेव्हा ‘पाठवतो’ म्हणाला आणि विसरला. त्याला मी बोललोय. आता पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावून वाजवून दाखवल्याशिवाय कुणी जिना उतरत नाही.

पण ‘दहा मिनिटांत व्हीएलसी टाकून दिलं असतं तरी चाललं असतं’ हे तुमचं वाक्य मला पटत नाही. डबल क्लिक करून गाणं वाजवायला क्लास लागत नाही, तुमचा मुलगा ते पहिल्या दिवशी येतानाच शिकून आला होता. मी पूर्वी दादरला कॅसेट भरून द्यायचो. साठची कॅसेट, एका बाजूला तीस मिनिटं, शेवटचं गाणं अर्ध्यावर तुटलं की गिऱ्हाईक भांडायला हजर. पण गाणं कुठे आहे हा प्रश्न कुणाला पडायचा नाही, टेप डोळ्यांसमोर फिरायची. या मुलांना गाणं कुठे राहतं, किती जागा घेतं, काही दिसतच नाही. ते दिसावं म्हणून चार शनिवार.

आजींची ओवी व्हॉट्सअ‍ॅपवरचा व्हॉइस मेसेज होती, म्हणजे ओपस नावाच्या वेगळ्या प्रकारची फाइल. त्याने आधी नुसतं नाव बदलून पुढे एमपी३ लिहिलं. नावापुढचं शेपूट बदलून फाइलीची जात बदलत नाही, हे त्याला करूनच कळलं, मग व्हीएलसीमधून नीट रूपांतर केलं. शिट्टीचंही तसंच. मिनिटभराचं रेकॉर्डिंग सीडीच्या दर्जाने, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नोंदी, दोन्ही कानांचं, डब्ल्यूएव्हीमध्ये, म्हणजे काहीही न गाळणाऱ्या फाइलीत, ठेवलं तर दहा एमबी भरलं. तेच सेकंदाला १२८ किलोबिटच्या दराने एमपी३ केलं, तर एक एमबीच्याही आत. आणि तुमच्याच मुलाने विचारलं, ‘सर, नऊ एमबी गेले कुठे?’

इथे बेंजोवाले कामी आले. सराव खालीच चालतो, आणि लालबागेत गणपतीच्या तोंडावर शांतता मी आणू कुठून? एका हेडफोनवर तंबोरा हळू लावून ठेवला होता. बेंजो सुरू झाला की तंबोरा गायब, थांबला की परत. तंबोरा मधल्या वेळात वाजतच होता, कानाला पोचत नव्हता. मोठ्या आवाजाखाली दबलेलं कानाला ऐकूच येणार नसेल तर ते जपून कशाला ठेवायचं, या विचारावर एमपी३ उभं आहे. जर्मनीत एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत त्यावर मोठं काम झालं, आणि फाइलीचं हे शेपूट तिथेच जुलै १९९५ मध्ये ठरलं. मुलाने मग एमपी३ची परत डब्ल्यूएव्ही करून बघितली. पुन्हा दहा एमबी! ‘आलं परत,’ म्हणाला. नाही आलं. दुधात पाणी घातल्यावर माप भरतं, साय येत नाही.

संगणकांचं तुमचं बरोबर आहे. ‘प्रत्येकाला स्वतंत्र संगणक’ असं आम्ही फलकावर लिहिलं होतं, दोन बंद पडले आणि लॅमिंग्टन रोडहून भाग यायला दोन शनिवार गेले. त्याचे ४०० रुपये परत देतो. पूर्ण फी नाही देणार.

येत्या शनिवारी चार वाजता त्याला पाठवा, वेगळे पैसे नाहीत. पेनड्राइव्ह तोच द्या, काही पुसू नका. ती एक केबीची फाइल नोटपॅडमध्ये उघडून त्यालाच मोठ्याने वाचायला लावणार आहे. आजींना दोन जिने झेपत असतील तर त्यांनाही आणा, खुर्ची ठेवतो. बेंजोवाल्यांना अर्धा तास थांबायला सांगून बघतो, ऐकतील असं नाही.