श्रोते वाढू नयेत म्हणून

आमच्या संगीत मंडळाची मासिक बैठक इंटरनेटवरून ऐकवायचं ठरलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं. मला ओटीपी कुणाला न विचारता टाकता येतो, एवढी पात्रता मंडळाला पुरली.

आधी मीटिंगचं एक अ‍ॅप वापरलं. ही अ‍ॅपं माणसाचं बोलणं ठेवतात आणि एकसुरी आवाज पंख्याची घरघर समजून पुसतात. तानपुरा पहिल्या मिनिटातच गेला. मग बुवांनी षड्ज लांबवला, तोही गेला. पुढच्या रांगेतल्या काकांचं 'क्या बात है' मात्र न्यू जर्सीपर्यंत खणखणीत पोचलं. फुकटच्या व्हिडिओ प्लॅटफॉर्मवर गेलो, तर दोनशे वर्षं जुन्या बंदिशीवर कुठल्याशा कंपनीचा हक्क निघाला.

शेवटी भाड्याच्या सर्व्हरवर आइसकास्ट हे इंटरनेट रेडिओ चालवायचं सॉफ्टवेअर बसवलं. जितके श्रोते तितकं डेटाचं बिल, हे कळलं आणि खजिनदार नाना जागे झाले.

"रेडिओवाले काय माणसागणिक पैसे मोजतात?"

नाही मोजत, तिथेच तर गोम आहे. ट्रान्समीटर लागला की दहा जण ऐकोत की दहा लाख, विजेचं बिल तेवढंच. इथे प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवायची. १२८ केबीपीएसने, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिटने, एका माणसामागे तासाला सुमारे ५८ एमबी. १०० जण आले की पावणेसहा जीबी. तेव्हापासून नाना श्रोत्यांचा आकडा तापाच्या पाऱ्यासारखा बघतात. कुणी "लिंक नातेवाइकांनाही पाठवा" म्हणालं की त्यांचा चेहरा उतरतो.

"बुवा एक, गळा एक, मग स्टिरिओ कशाला?" हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. मोनो केलं, आवाज कमी डेटात बसवणारा ओपस कोडेक लावला, ६४ केबीपीएसवर आलो. बिल निम्म्यावर आलं आणि आवाजात कुणाला फरक कळला नाही. दर्दी म्हणवणाऱ्यांना तर मुळीच नाही.

प्लेअर आवाज थोडा साठवून मग वाजवतो, त्या बफरचं मात्र फारसं काही करता येत नाही. परदेशी मंडळींना गाणं अर्धा मिनिट उशिरा पोचतं. त्यामुळे बुवा तांब्या तोंडाला लावतात तेव्हा ग्रुपवर मेसेज येतो, "वा! काय जागा घेतली!"

"पाणी पितात तेव्हा तरी डेटा वाचतो ना?" नानांनी आशेने विचारलं.

नाही. सेकंदाला जाणारा डेटा ठरावीक आहे. शांतताही त्याच भावाने जाते. आणि मध्यंतरात बंद करावं, तर सगळ्यांचे प्लेअर तुटतात आणि मला फोन सुरू होतात.

हल्ली मध्यंतराचा चहा दहा मिनिटांत उरकतो. रिकाम्या कपबश्या नाना स्वतः गोळा करतात, भरलेल्यासुद्धा.