तारा घट्ट ओढल्या की झालं? उच्चदाब वाहिन्यांबद्दलच्या चार गैरसमजांना उत्तर

उच्चदाब वाहिन्यांबद्दलचा एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: टॉवरांमधल्या तारा लोंबतात, कारण त्या कुणी नीट ओढत नाही. व्होल्टेज वाढलं की फक्त टॉवर उंच करायचा आणि डिस्क (तार आणि टॉवर यांच्यामधल्या, वीज अडवणाऱ्या चकत्या) वाढवायच्या. टॉवरची ड्रॉइंग तयार असतात आणि जागा सॉफ्टवेअर ठरवतं, मग इंजिनिअर हवा कशाला? आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा सगळं जमिनीखालून न्यावं. हे वरवर पटतं, आणि या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलं त्यावर विश्वास ठेवतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

“तारा घट्ट ओढल्या तर झोल राहणारच नाही”

आकडे मांडूनच बोलू. ‘मूस’ हा नेहमीच्या वापरातला एसीएसआर कंडक्टर, म्हणजे पोलादी गाभ्याची ॲल्युमिनियमची वीजवाहक तार, घ्या. त्यात ॲल्युमिनियमच्या 54 तारा आणि गाभ्यात पोलादाच्या 7 तारा असतात. व्यास 31.77 मिमी, वजन मीटरला 2 किलो, तुटण्याची मर्यादा सुमारे 161 किलोन्यूटन. सपाट जमिनीवर 400 मीटरच्या स्पॅनमध्ये (दोन टॉवरांमधल्या अंतरात) 32 अंश सेल्सियसला 35 किलोन्यूटन ताण दिला, तर झोल, म्हणजे तार मध्यावर जितकी खाली लोंबते ते अंतर, येतो 11.2 मीटर. एवढा झोल पडायला तार स्पॅनपेक्षा किती लांब लागते? जेमतेम 84 सेंटिमीटर. त्यात आणखी 10 सेंटिमीटर तार सुटली, तर झोल 65 सेंटिमीटरनी वाढतो. म्हणून तार बसवताना कंडक्टरचं तापमान मोजून त्या तापमानाचा झोल तक्त्यातून घ्यावा लागतो, नजरेच्या अंदाजावर भागत नाही.

आता मजकुरात सांगितल्याप्रमाणे ताण दुप्पट करू, 70 किलोन्यूटन. झोल निम्मा होतो, 5.6 मीटर. खर्च कमी झाल्यासारखा वाटतो. पण तापमान 0 अंशावर उतरलं की काय होतं ते बघा. आधीच्या तारेचा ताण 35 वरून 40 किलोन्यूटन होतो, तर या घट्ट तारेचा 70 वरून 87 च्या पुढे जातो. गार झालेल्या तारेला आखडायला झोल लागतो, आणि तोच आपण काढून टाकलेला असतो. वाऱ्याचा 1000 पास्कल दाब आला तर पहिली तार 59 किलोन्यूटनपर्यंत जाते, दुसरी 93 पर्यंत, म्हणजे तुटण्याच्या मर्यादेच्या जवळजवळ 58 टक्के.

हा ताण टॉवरला सोसायचा असतो. वाहिनी 30 अंशांत वळते त्या टॉवरवर 35 किलोन्यूटन ताणाची प्रत्येक तार 18 किलोन्यूटननी आडवी ओढते, आणि 70 ची तार 36 नी. वारा असो नसो, रात्रंदिवस. त्यासाठी पोलाद वाढतं आणि पायाही मोठा करावा लागतो.

सर्वांत वाईट दुखणं मात्र डोळ्यांना दिसत नाही. सेकंदाला 1 ते 7 मीटर वेगाच्या शांत, एकसारख्या वाऱ्यात तार बारीक थरथरते. 3 मीटर वेगाला या तारेची कंपनं सेकंदाला साडेसतराच्या आसपास असतात, म्हणजे दिवसभर वारा तसाच राहिला तर पंधरा लाख. ताण जितका जास्त, तितकी ही थरथर स्वतःत जिरवण्याची तारेची ताकद कमी. मग सस्पेन्शन क्लॅम्पच्या, म्हणजे तार टांगून धरणाऱ्या पकडीच्या, तोंडाशी ॲल्युमिनियमच्या तारा एकेक करून तुटतात, आणि खालून काहीच कळत नाही. रोजच्या तापमानाचा ताण तुटण्याच्या मर्यादेच्या 20 ते 25 टक्क्यांच्या आसपास ठेवायचा आणि क्लॅम्पजवळ व्हायब्रेशन डॅम्पर (थरथर शोषणारी वजनं) लावायचे, ही रीत त्यातूनच आली.

उलट बाजूला उष्णता आहे. तीच 35 किलोन्यूटनची तार विजेच्या भारानं 75 अंशांना पोचली की झोल 11.2 चा 13 मीटर होतो. शिवाय ॲल्युमिनियम वर्षानुवर्षं ताणाखाली कायमचं लांबत जातं, त्याची तरतूद वेगळी. जमिनीपासूनचं अंतर या सगळ्यानंतरच्या तारेपासून मोजायचं असतं. 14 ऑगस्ट 2003 ला अमेरिकेतल्या ओहायोमध्ये दुपारी 3:05 ते 3:41 या वेळात 345 किलोव्होल्टच्या तीन वाहिन्या झाडांना लागून बंद पडल्या. तिन्हींवरचा भार मर्यादेच्या आत होता, पहिलीवर तर 44 टक्केच. तारा हिशेबाप्रमाणेच खाली आल्या होत्या, झाडं मात्र छाटलेली नव्हती. त्या दिवशी अमेरिका आणि कॅनडात मिळून सुमारे 5 कोटी लोकांची वीज गेली.

“व्होल्टेज जास्त म्हणजे फक्त जास्त उंची आणि जास्त डिस्क”

400 किलोव्होल्टवर फेजमागे (वाहिनीतल्या तीन वीजप्रवाहांपैकी प्रत्येकासाठी) एकच मूस तार टांगली, तर तिच्या पृष्ठभागावरचं विद्युतक्षेत्र सेंटिमीटरला जवळपास 22 किलोव्होल्ट निघतं. पावसात ती तार चरचरेल, रेडिओत खरखर आणेल आणि वीज वाया घालवेल. टॉवर कितीही उंच केला तरी यात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. 45 सेंटिमीटर अंतरानं दोन तारांची जोडी केली की तोच आकडा 16 च्या खाली येतो. जोडी केली की वजन आणि वाऱ्याचा भार दुप्पट होतो, म्हणजे टॉवरचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

डिस्कांची संख्याही नुसत्या व्होल्टेजवर ठरत नाही. 420 किलोव्होल्ट या कमाल व्होल्टेजसाठी इन्सुलेटरच्या, म्हणजे डिस्कांच्या माळेच्या, पृष्ठभागावरून मोजलेलं अंतर स्वच्छ हवेत 6,720 मिमी पुरतं, तर समुद्रकाठी किंवा सिमेंटच्या धुळीत 13,020 मिमीपर्यंत लागतं. आणि वीज पडते तेव्हा टॉवरच्या पायाचा अर्थिंग रोध, म्हणजे वीज जमिनीत उतरताना होणारा विरोध, महत्त्वाचा असतो. 30 किलोअँपिअरचा प्रवाह 10 ओहममधून जमिनीत गेला तर टॉवरचं व्होल्टेज 300 किलोव्होल्टपर्यंत चढतं, 50 ओहम असेल तर 1500. मग ठिणगी उलटी, टॉवरकडून तारेकडे उडते. खडकाळ जमिनीत डिस्क वाढवत बसण्यापेक्षा अर्थिंगची पट्टी लांबवर पुरणं जास्त कामी येतं.

“ड्रॉइंग तयार, जागा सॉफ्टवेअर ठरवतं”

ड्रॉइंग तयार असतात आणि सॉफ्टवेअर फार उपयोगी आहे, इथपर्यंत मान्य. पण कोणता वारा, कोणतं बर्फ, किती थंडी धरायची हे त्याला माणूस सांगतो. तिथे चूक झाली तर उत्तर सुबक दिसतं आणि चुकीचं असतं.

एक उदाहरण. दरीतला सस्पेन्शन टॉवर (ज्यावर तार नुसती टांगलेली असते), दोन्ही बाजूंना 400 मीटरचे स्पॅन, दोन्ही शेजारी टॉवर 40 मीटर उंचावर. सपाटीवर या टॉवरवर 400 मीटर तारेचं वजन आलं असतं. इथे 32 अंशांना फक्त 44 मीटरचं येतं, आणि 0 अंशाला उणे 7 मीटर. म्हणजे तार टॉवरवर बसत नाही, त्याला वर उचलते. त्याआधीच दुसरी अडचण सुरू झालेली असते: वजन 44 मीटर तारेचं, पण वारा 400 मीटर तारेवर. 200 पास्कलच्या साध्या वाऱ्यातही डिस्कांची माळ 55 अंशांपेक्षा जास्त झुलते आणि तार टॉवरच्या पोलादाजवळ येते. झोल फक्त 75 अंशांना तपासला तर हे कधीच दिसणार नाही. ते दिसतं थंडीत, बिनवाऱ्याच्या आणि बेताच्या वाऱ्याच्या तपासणीत. टॉवर 6 मीटरनी उंच करणारं एक्स्टेन्शन लावलं तर 0 अंशाला 54 मीटर वजन मिळतं आणि तार उचलणं थांबतं; झुलणं मात्र पुन्हा तपासावं लागतं. तरी जमलं नाही तर टॉवर सरकवायचा किंवा तिथे टेन्शन टॉवर (तारेचा पूर्ण ओढा पेलणारा) द्यायचा. त्यातलं काय करायचं हे जागेवर जाऊन, माती आणि रस्ता बघून ठरतं.

एक तार तुटली तर काय, हा प्रश्नही माणसानंच विचारायचा. जानेवारी 1998 च्या हिमवादळात कॅनडातल्या क्वेबेकमध्ये बर्फाच्या ओझ्यानं टॉवर एकामागोमाग एक ओढले जाऊन ओळीनं पडले. त्यानंतर तिथे ठरावीक अंतरावर ही पडझड अडवणारे भक्कम टॉवर बसवले गेले.

“सगळं जमिनीखालून न्या”

दाट वस्तीत, विमानतळाजवळ, खाडीखालून केबलच योग्य. पण लांब अंतरावर एसी केबल स्वतःच वीज अडवते. 400 किलोव्होल्टच्या केबलची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) किलोमीटरला 0.2 मायक्रोफॅरडच्या आसपास असते, म्हणजे 50 हर्ट्झला दर किलोमीटरमागे सुमारे 14.5 अँपिअर नुसते ती भारित ठेवायला लागतात. वरून जाणाऱ्या तारेला एक अँपिअरही लागत नाही. 100 किलोमीटरला हा प्रवाह 1450 अँपिअर होतो आणि बऱ्याच केबलची क्षमता यातच संपते. त्याला आवर घालायला टोकांना आणि मध्ये रिॲक्टर (हा प्रवाह भरून काढणारी मोठी वेटोळी) लागतात. लांब समुद्राखालून नेताना म्हणूनच डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज, वापरतात.

दुरुस्तीचंही बघा. उघड्या तारेवरचे बहुतेक दोष, उदाहरणार्थ वीज पडल्यामुळे होणारे, क्षणभराचे असतात आणि ब्रेकर (वाहिनी तोडणारा-जोडणारा स्विच) सेकंदाभरात पुन्हा लागतो. केबलमधला दोष आपोआप जात नाही. आधी जागा शोधायची, मग खणायचं, मग कोरड्या, धूळविरहित तंबूत नवे सांधे करायचे, आणि पुन्हा व्होल्टेजची चाचणी. यात आठवडे जातात, आणि तोवर ती वाहिनी बंद असते.