जादा आकार

ते बिल अजून माझ्या पर्समध्ये आहे. फेकून देववत नाही. इडली एक प्लेट, त्याखाली 'शेअरिंग', आणि त्यापुढे रुपये २०. दिले मी ते, पण मनापासून दिले नाहीत. आज चौथा दिवस आहे, तरी दात घासताना मला ते वीस रुपये आठवतात आणि ब्रश जोरात फिरतो.

आधीची हकीकत भरभर सांगते, कारण ती सांगून सांगून मीच कंटाळले आहे. वजन ११८ किलो, उंची पाच फूट दोन इंच, साखर वाढलेली, आणि घोरणं असं की खालच्या मजल्यावरून निरोप यायचे. आठ आठवड्यांपूर्वी दुर्बिणीतून पोटाची शस्त्रक्रिया करून घेतली. 'स्लीव्ह' म्हणतात तिला. जठराचा पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग कापून काढतात आणि मागे केळ्याएवढं नळकांडं ठेवतात. त्यात मावतं साधारण कटिंग चहाच्या ग्लासाइतकं. आता वजन १०१. संपली हकीकत.

नंतरचं खाणं मात्र असं भरभर सांगता येत नाही, कारण ते भरभर झालंच नाही. पहिले पंधरा दिवस पातळ. नारळपाणी, ताक, डाळीवरचं गाळलेलं पाणी. तेही खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं, एकेक घोट. मग पंधरा दिवस मिक्सरमधून काढलेलं. डिस्चार्जच्या वेळी हातात दिलेल्या कागदावर 'मॅश केलेली टर्की' असं लिहिलं होतं. पाचपाखाडीत टर्की कुठे मिळते ते मी डायटीशियनला विचारलं, तर ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही वरण घ्या." मग मऊ खाणं. अंडं, पनीर, आसट खिचडी. त्यासाठी मुलाच्या उष्टावणाची चांदीची वाटी आणि चमचा माळ्यावरून काढला. मुलगा आता इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणाला, "आई, मामाला बोलवू का?"

सहाव्या आठवड्यात मी सगळ्यांची नजर चुकवून पोळीचा एक तुकडा खाल्ला. घाईत खाल्ला. तो छातीच्या मधोमध जाऊन बसला आणि उठेना. पुढचा अर्धा तास मी बेसिनपाशी उभी, तोंडात नुसती फेसाळ लाळ. तोंडाला फेस येणे, वाक्यात उपयोग करा, दोन गुण. शाळेत उगाच काहीतरी लिहिलं होतं मी.

तर नियम असे. एक घास पंचवीस-तीस वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही. आधी प्रथिनं, मग बाकीचं. आता मला सांगा, ठाण्यात राहणाऱ्या बाईला चावायची सवय कुठून असणार? १८५३ साली पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, तेव्हापासून ठाणेकर घाईत आहे. बावीस वर्षं मी पोहे उभ्यानं गिळलेत, एक डोळा घड्याळावर. दाढा आहेत हे मला दाढदुखीतच कळायचं.

तरी परवाच्या रविवारी ठरवलं, आता बाहेर जाऊन खायचं. माणसांत, टेबलावर, स्टीलच्या ताटलीत. तांदळाचं चिकट असतं म्हणून जरा भीती होती, पण डायटीशियननं इडलीला परवानगी दिली होती. नौपाड्यातलं आमचं नेहमीचं उपाहारगृह. नवऱ्यानं मला दारात सोडलं आणि तो राम मारुती रोडला गाडी लावायला जागा शोधायला गेला. रविवारी सकाळी. म्हणजे तो गेलाच, असं समजून मी आत शिरले.

गर्दी होती. वेटरनं मला भिंतीकडच्या दोन खुर्च्यांच्या टेबलावर बसवलं आणि मिनिटभरात समोरच्या खुर्चीवर एका काकांना आणून ठेवलं. पंच्याहत्तरीचे असावेत. तलावपाळीला फेऱ्या मारून कोपिनेश्वराचं दर्शन घेऊन आलेले. पायात कॅनव्हासचे बूट, कपाळावर गंध, हातात कापडी पिशवी. बटाटेवडा सांबार मागवला. माझी इडली आली. मी आधी चमच्यानं सांबारातली डाळ उपसून खाल्ली, मग इडलीचा नखाएवढा तुकडा तोंडात टाकला आणि लागले चावायला.

काकांचा एक वडा संपला. मी चावत होते. काका थांबले. त्यांनी माझ्या जबड्याकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं, परत जबड्याकडे पाहिलं.

"नवीन आहे का?"

तोंडात घास, त्यामुळे मी नुसत्या भुवया वर केल्या.

"कवळी. सुरुवातीला होतं असं. माझी पहिली बसवली तेव्हा मी तीन महिने नुसता दहीभात खात होतो. खालची हलते का?"

घास गिळून मी म्हटलं, "कवळी नाहीये काका. दात माझेच आहेत."

"मग इडलीत काही निघालं?"

"नाही."

"एकवीस," काका म्हणाले.

"काय?"

"एकवीस वेळा चावलंत. मी मोजत नव्हतो, मोजलं गेलं. छत्तीस वर्षं कॅशियर होतो बँकेत. नोटा मोजायची यंत्रं नंतर आली हो. अजूनही समोर काही हललं की मोजलं जातं. परवा नातीच्या भरतनाट्यमला गेलो होतो..."

नातीच्या नाचातली पावलं ऐकत मी दुसरा घास घेतला. काकांचे ओठ हलत होते. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासला जात होता, समोर ओला स्पंज असावा तसा. तुम्ही कधी कुणाच्या नजरेसमोर मोजून चावलं आहे का? चावणं विसरायला होतं. जीभ मध्ये येते. मी चोविसाला गिळलं, तर काका म्हणाले, "वाढले तीन." कौतुक होतं का खात्यावर नोंद होती, कळलं नाही.

शेवटी मी सांगून टाकलं. वाटलं, सांगितलं की गप्प बसतील. हे मला दर वेळी वाटतं.

"पोट कापलं?" काका एवढ्या मोठ्यानं म्हणाले की शेजारच्या टेबलावरचा लहान मुलगा डोसा सोडून माझ्या पोटाकडे बघायला लागला. "मुद्दाम?"

"हो."

"किती काढलं?"

"ऐंशी टक्क्यांच्या आसपास."

काकांनी चमचा खाली ठेवला. "म्हणजे मुद्दलच काढून घेतलं की हो! आता सगळा संसार व्याजावर?" मग थोडा विचार करून, "आणि काढलेलं कुठंय?"

"लॅबला पाठवतात तपासायला."

"पावती घेतलीत?"

घेतली नव्हती. तसा रिपोर्ट आहे घरी, पण तो पावती म्हणून चालला नसता, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

"खर्च किती आला?"

हा प्रश्न मला आजवर शेजारणी, इस्त्रीवाला, नवऱ्याचे साहेब, आणि एका तेराव्याला समोर बसलेल्या गुरुजींनी विचारला आहे. मी म्हटलं, "साडेतीन लाख. थोडे विम्यातून मिळाले."

काका हसले. इतके मनापासून हसले की सांबार हललं. "अगं मुली," आता ते एकेरीवर आले, "साडेतीन लाख? मला विचारायचंस. मी फुकट सांगितलं असतं. कमी खायचं!"

इथे मला मनातून फार राग आला आणि तो अजून गेलेला नाही. कमी खायचं. काय शोध आहे! वीस वर्षांत मी दर दोन तासांनी खाल्लं, दिवसातून दोनदाच खाल्लं, रात्री भात सोडला, सकाळी जिऱ्याचं पाणी धरलं, उपवनला तळ्याभोवती इतक्या फेऱ्या मारल्या की तिथली कुत्री मला ओळखायची. चौदा किलो उतरले, सोळा चढले. डॉक्टरांनी समजावलं होतं की वजन उतरवलं की शरीर भूक वाढवतं. भुकेचं एक हार्मोन आहे, घ्रेलिन, ते मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं, आणि या शस्त्रक्रियेत तोच भाग जातो. म्हणून आता भूक खरंच कमी लागते. आयुष्यात पहिल्यांदा मी दुपारी चार वाजता दुसऱ्या कशाचा तरी विचार करते. हे सगळं काकांना सांगायला गेले असते तर माझी इडली गार झाली असती. ती तशीही झालीच होती.

आणि ११८ किलोची असताना तरी मला कुणी स्वस्थ खाऊ दिलं का? लग्नात पंगतीत बसलं की कुणीतरी हटकून ओरडणार, "अरे, हिला अजून एक जिलबी वाढा!" आणि आजूबाजूला खुसखुस. सोसायटीच्या हळदीकुंकवात माझ्या डिशमध्ये किती वेफर्स आहेत यावर बायकांचं लक्ष. एकदा स्टेशनवर शेअर रिक्षावाला म्हणाला, "ताई, दोन सीटचे द्या नाहीतर पुढच्या रिक्षानं या." मागे रांग. मी दोन सीटचे दिले आणि रस्ताभर खिडकी नसलेल्या बाजूनं बाहेर बघत बसले. आता नखाएवढे घास घेते, तर लोक खुर्ची जवळ ओढून बघतात. डोक्यावरचे केस मूठमूठ गळतायत, ते बघायला मात्र कुणाला सवड नाही.

असो. इडलीकडे येते.

वीस मिनिटांत माझी अर्धी इडली झाली. अर्धी. दोनातली एक अर्धी. आणि नाक वाहायला लागलं. माझं हे असंच होतं. पोट भरलं की ते पोट सांगत नाही, नाक सांगतं. पाठोपाठ एक उचकी. हा निरोप आला की पुढचा घास घ्यायचा नाही, नाहीतर बेसिन. मी रुमाल काढून नाक पुसलं.

"अगं, रडू नकोस," काका हळवे झाले. "मी आपलं सहज बोललो."

"रडत नाहीये काका. पोट भरलं."

"एवढ्यात?" त्यांनी ताटलीकडे पाहिलं. दीड इडली होती. अर्धी माझी उष्टी, एक अखंड, शुभ्र, हातही न लागलेली. ती मी पार्सल करून घेणार होते. दुपारचं, संध्याकाळचं, जमलं तर उद्या सकाळचंही माझं खाणं होतं ते. पण पार्सल हा शब्द उचकीत अडकला. तेवढ्यात काका म्हणाले, "अन्न टाकू नये. पूर्णब्रह्म असतं," आणि त्यांनी ती अखंड इडली उचलून स्वतःच्या सांबारात बुडवली. वर माझी चटणी घेतली. वाटीसकट.

मी बघत राहिले. चार घासांत संपवली त्यांनी. मोजले मी. एका घासाला सहा-सात वेळा चावत होते, कवळी असून. गिळताना घसा कसा सहज वरखाली होतो ते मी एखाद्या भिकाऱ्यानं हलवायाच्या दुकानाकडे बघावं तसं बघत होते.

आणि मग वेटरनं बिल आणलं. दोन बिलं, वेगवेगळी. माझ्यावर शेअरिंगचे वीस रुपये.

"हे काय?"

त्यानं मान न वळवता बोट भिंतीकडे केलं. देवाच्या तसबिरीखाली पाटी होती: 'एक डिश दोघांत खाल्ल्यास रु. २० जादा आकार पडेल.'

जादा आकार! मी आठ आठवडे झाले तो कमी करतेय.

"मी शेअर केली नाही," मी म्हटलं. "यांनी घेतली."

"दोघांनी खाल्ली ना मॅडम?"

"पण आम्ही एकत्र नाही आहोत! मी यांना ओळखतसुद्धा नाही!"

वेटरनं काकांकडे पाहिलं. मी काकांकडे पाहिलं. आता तरी हा माणूस खिशात हात घालेल असं मला वाटलं. काकांच्या ओठावर माझ्या चटणीतली मोहरी होती. चष्मा वर करून त्यांनी पाटी पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, "लिहिलेलं आहे खरं. नियम आहे त्यांचा. डिश कुणाच्या नावावर होती? तुझ्या. मग आकार तुझ्याच खात्यावर पडणार."

त्यांनी स्वतःचं बिल दिलं. सुटे दोनदा मोजले. पिशवी उचलली, आणि जाता जाता माझ्याकडे वाकून म्हणाले, "चोवीसवर थांबू नकोस. तीसपर्यंत जा."

मी वीस रुपये काढले, ते सावकाश काढले, नाण्यांत काढले. उरलेली अर्धी इडली पार्सल मागितली, तर वेटर म्हणाला डब्याचे पाच रुपये. मी ती रुमालात बांधली.

तेवढ्यात नवरा आला, घामाघूम. गाडी थेट गोखले रोडच्या पलीकडे एका गल्लीत लावून चालत आला होता. समोरच्या रिकाम्या खुर्चीत बसला, "अजून इथेच? बरं झालं," म्हणाला आणि मसाला डोसा मागवला. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं फक्त एवढंच विचारलं, "कुठले कॅशियर होते?"

डोसा आला. कडक, सोनेरी, लोणी चुरचुरतंय. लग्नाला तेवीस वर्षं झाली, तो डोश्याचं टोक नेहमी आधी मला मोडून देतो. सवयीनं त्यानं ते मोडलं आणि टेबलावरून माझ्यासमोर धरलं.

काउंटरपाशी उभ्या असलेल्या वेटरनं आधी डोश्याकडे पाहिलं, मग पाटीकडे.